तांब्यातली खोली

हल्ली सपाट मुखपृष्ठाचा दिवाळी अंक कोणी विकत घेत नाही. स्टॉलवर लोक तो उचलतात, आधी डावीकडून बघतात, मग उजवीकडून बघतात, आणि आत काहीच हलत नाही म्हटल्यावर तोंड वाकडं करून परत ठेवतात. माझं पोट या सवयीवरच चालतं, त्यामुळे मी तक्रार करत नाही. मी उल्का इंगवले, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर. जुन्या सपाट चित्रांना खोली देणं हा माझा धंदा.

खोली कशी देतात ते थोडक्यात सांगते. नव्या मुखपृष्ठाच्या कागदावर डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक भिंगांचा थर असतो. प्रत्येक भिंगाखाली एका ठिपक्याऐवजी शेकडो ठिपके छापलेले असतात आणि भिंग त्यातला एकेक ठिपका निराळ्या दिशेला पाठवतं. डाव्या डोळ्याला एक चित्र मिळतं, उजव्याला किंचित वेगळं. मेंदू बिचारा भोळा. तो दोन्हींची सांगड घालतो आणि म्हणतो, इथे आत शिरायला जागा आहे. चष्मा नको, वीज नको. डोकं जरा हलवलं की समईच्या मागचंही दिसतं.

अडचण एवढीच की समईच्या मागे काय आहे ते चित्रकाराने काढलेलंच नसतं. ते शोधायचं काम ‘उलगडा’ करतो. उलगडा म्हणजे माझ्या टेबलावरचा प्रोग्रॅम. चित्रातली प्रत्येक सावली आणि प्रत्येक चकाकी तो तपासतो. प्रकाश कुठून आला, कशावर आपटला, कुठे वळला, हे तो उलट पावली शोधत जातो आणि चित्रात न दिसणाऱ्या वस्तू जागच्या जागी उभ्या करतो. जिथे पुरावा संपतो तिथे तो अंदाज करतो. लाखो घरं आणि लाखो माणसं पाहून बसलेला असल्यामुळे त्याचे अंदाज इतके बेमालूम असतात की पुरावा कुठे संपला ते बघणाऱ्याला कळत नाही. या शेवटच्या वाक्याकडे मीही इतकी वर्षं फारसं लक्ष दिलं नव्हतं.

यंदा ‘उजळणी’ दिवाळी अंकाचे संपादक निरंजन खोत माझ्याकडे आले ते माझ्याच वडिलांचं चित्र घेऊन. आबा, म्हणजे पेंटर शिवराम इंगवले, ‘उजळणी’ची मुखपृष्ठं करायचे. त्यातलं १९९८ सालचं सगळ्यात गाजलेलं. दारात उभी असलेली बाई, हातात निरांजनाचं ताट, पायाशी उंबऱ्यावर पितळी तांब्या आणि मागे काळोख. मूळ चित्र इतकी वर्षं प्रेसच्या ऑफिसात टांगलेलं होतं. खोतांना ते नव्या कागदावर हवं होतं.

“ताई, वडिलांचं चित्र, त्यावर मुलीचं काम. याहून चांगली गोष्ट काय?” ते म्हणाले.

चित्राचे हक्क आईकडे. मी परवानगी मागितली तेव्हा ती मेथी निवडत बसली होती.

“वापरा की,” ती म्हणाली. “जगाची तोंडं काढलीत त्यांनी. त्यातलंच हे एक.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याचा अर्धा भाग ती क्वचितच उच्चारते. जगाची तोंडं काढली, पोराचं काढलं नाही, असं ते पूर्ण वाक्य आहे.

माझ्या जन्माआधी तिला एक मुलगा झाला होता. रणजित नाव ठेवलं होतं, पण त्याला सगळे गुंड्या म्हणायचे. १९९८च्या शिमग्याच्या सुमारास तो तापाने गेला, तीन वर्षांचा असताना. आईचं मन लवकर सावरावं म्हणून घरातल्या मोठ्यांनी त्याचे कपडे, खेळणी आणि होते नव्हते तेवढे फोटो पंचगंगेत सोडून दिले. त्यांना वाटलं आपण शहाणपणा केला. पुढे आईने आबांना कितीतरी वेळा विनवलं की तुम्ही तरी त्याचं तोंड काढून द्या. आबांनी काढलं नाही. दिसतं तेच काढायचं, हा त्यांचा नेम होता. एकदाच म्हणाले, “चुकीचं काढलो तर तेच डोळ्यांपुढं बसंल, मालन.” आईला ते कारण कधीच पटलं नाही. मलाही ते पळवाटेसारखंच वाटायचं. दोघं चाळीस-बेचाळीस वर्षं एका छपराखाली नांदली, पण या एका गोष्टीवर ती आबांशी अबोला धरल्यासारखीच राहिली. आबा गेले, तरी तो अबोला सुटलेला नाही.

मूळ चित्र बारकाईने स्कॅन करून मी उलगड्याला कामाला लावलं. बाई झाली, ताट झालं, तांब्या तर असा झाला की हात घालून उचलावा. मागचा काळोख मात्र पुठ्ठ्यासारखा सपाट राहिला. मी त्याला सांगितलं, “बाईच्या मागे अजून खोली दे.”

उलगड्याने खोली दिली. भिंती, खिडकी, फरशी असलेली, राहायची खोली.

त्याला मराठी शिकवणाऱ्यांनी बहुधा भाड्याच्या घरांच्या जाहिराती जास्त वाचायला दिल्या असाव्यात. तसा तो पहिल्यापासून गोंधळच घालतो. आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी बसतो’ म्हणतात, म्हणून आई पहिल्यांदा त्याच्याशी बोलली तेव्हापासून तो तिला ‘आजोबा’ म्हणतो. मी हसले आणि खोली पुसायला निघाले, एवढ्यात आत काहीतरी दिसलं. डोकं थोडं डावीकडे नेलं. खिडकीखाली फरशीवर हिरव्या सदऱ्यातलं एक लहान मूल बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं.

उलगड्याला विचारलं, हे आणलंस कुठून? त्याने तांब्या दाखवला. पितळी तांब्याचा फुगीर भाग हा एक आरसाच असतो. समोरची आख्खी खोली त्यात आकसून, वाकडी होऊन दिसते. चांगला पेंटर चकाकी म्हणून नुसता पांढरा फराटा मारत नाही. त्या तांब्यात जे दिसतं ते तसंच्या तसं उतरवतो, आणि आबा तर त्या बाबतीत हट्टी. चित्र काढताना तांब्यासमोर असलेली खोली त्यांनी बोटभर जागेत रंगवली होती. उलगड्याने ती सरळ केली, मोठी केली आणि मी खोली मागितली म्हणून बाईच्या मागे नेऊन ठेवली. त्या पितळी जागेत खिडकीच्या खाली तांदळाएवढा एक हिरवा ठिपका होता आणि त्याच्या वरच्या टोकाला पांढरा कण. छापील अंकात तो कधीच दिसला नसता.

आई चहा घेऊन कधी आली ते मला कळलंच नाही. तिने कप टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे वाकली.

“ह्यो कोण?”

“कोणी नाही गं. यंत्राने अंदाजाने काढलंय.”

“हिरवा सदरा अंदाजानं? आणि पांढरी कॉलर?” तिचा आवाज चिरका झाला. “पडद्याच्या उरलेल्या कापडाचा मी शिवलेला सदरा हाय ह्यो. उलके, ह्यो गुंड्या हाय.”

आबांची सवय अशी की एका दिवाळीचे फटाके वाजत असतानाच पुढच्या दिवाळीचं मुखपृष्ठ सुरू करायचे. म्हणजे चित्र काढलं तेव्हा गुंड्या जिवंत असणार, आबांच्या मागे खेळत बसलेला असणार आणि तांब्यात उमटलेला असणार. सगळं जुळत होतं. आई खुर्ची ओढून बसली, चहा निवला, आणि ती एकटक बघत राहिली.

“नाक असं नव्हतं त्याचं,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली. “जरा बसकं व्हतं.”

तिच्यासाठी मी त्या पानाची एक प्रत नव्या कागदावर छापून दिली. आता वाटतं, तिथेच माझं चुकलं असावं. पण त्या वेळी मला तिचा आनंद बघायचा होता आणि मी पोटभर बघून घेतला. तिने प्रत ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवली. भाजी चिरताना मान इकडे तिकडे करून ती त्याला सगळ्या बाजूंनी बघायची. शेजारणींना बोलावून दाखवायची. एका शेजारणीने ‘डिट्टो उल्का’ म्हटल्यावर तर तिला भरून आलं.

डिट्टो उल्का असणारच. त्या मशीनमध्ये आबांचे आणि माझे ढिगाने फोटो आहेत. उलगड्याला चेहरा हवा होता, त्याने घरचाच माल वापरला.

आठवड्याभराने मी ऐकलं, आई फोनवर मामाला सांगत होती, “नाक आगदी असंच, सरळ. आपल्या माहेरात कुणाचं न्हाई असं.”

“आई, तू तर बसकं म्हणाली होतीस,” मी म्हणाले.

“कवा? काहीतरीच बोलतीस.”

मी हसण्यावारी नेलं. मग दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना सहज विषय काढला. गुंड्या चालायला लागला तेव्हा उंबऱ्यावर पडला होता आणि त्याच्या भुवईत खोक पडली होती. ही गोष्ट आईने मला शंभरदा सांगितली आहे. डॉक्टरकडे नेताना पायात चपला नव्हत्या, रक्ताने पदर भिजला होता, टाके घालताना तो रडला नाही पण आबा रडले. मी म्हणाले, “चित्रात ती खोक नाही बघ.”

आईने ओट्यावरच्या चित्राकडे बघितलं. लाटणं थांबलं.

“खोक त्याला न्हाई गं,” ती म्हणाली. “ती तुझ्या मामाच्या पोराला व्हती. ह्याचं कपाळ बघ की कसं हाय, स्वच्छ.”

तिच्याकडे त्या मुलाचं काहीच उरलं नव्हतं. सदरा नाही, फोटो नाही. एक बसकं नाक आणि एक खोक, एवढीच तिची पुंजी होती, आणि ती माझ्या यंत्राने आठवड्याभरात साफ केली होती. आणखी महिनाभर ते चित्र ओट्यावर राहिलं असतं तर तिच्या डोळ्यांपुढे गुंड्या म्हणून मीच उभी राहिले असते.

मी तिला टेबलापाशी नेऊन बसवलं आणि उलगड्याचा खात्रीचा नकाशा उघडला. त्यात पुराव्यातून आलेला भाग रंगीत राहतो आणि अंदाजाचा भाग करडा होतो. खिडकी पूर्ण रंगीत राहिली. ती सगळ्यात पक्की असणारच, कारण तांब्यातला उजेड तिचाच होता. भिंत बरीचशी रंगीत. हिरवा सदरा रंगीत, कॉलर रंगीत. हात, पाय, केस, चेहरा, सगळं करडं.

“बघ. आबांनी एवढंच काढलंय. बाकी या यंत्राच्या मनाचं आहे. हे नाक माझं आहे, आई. हे कपाळ आबांचं आहे.”

“असंना का.”

“खोटं आहे ते!”

“मग काय झालं?” ती एकदम उसळली. “खरं कुठाय तुझ्याकडं? आण की! तुझ्या बापानं उभ्या जन्मात दिलं न्हाई ते ह्या मशीननं दिलं. तुला का बघवंना?”

“तू खोक विसरलीस.”

“तूच ठरीव आता, माझ्या पोराला काय व्हतं आणि काय नव्हतं!”

ती उठून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली आणि मला पहिल्यांदा समजलं की आबांनी इतकी वर्षं कशात काढली.

खोत मात्र खुशीत होते. कच्चं काम आपोआप त्यांच्याकडेही जात असे, त्यामुळे त्यांनी मूल बघितलं होतं आणि मी भोळेपणाने त्यांना हकीकतही सांगून बसले होते.

“ताई, हेच मुखपृष्ठ!” ते फोनवर म्हणाले. “समोर बाई दिसते, मान वळवली की मागून मूल बघतं. चेहरा अजून थोडा उजेडात आणा. लोक अंक हातातून सोडणार नाहीत.”

“चेहरा आबांचा नाही. मुखपृष्ठावर नाव त्यांचं जाणार.”

“अहो, अर्धी खोलीही त्यांची नाही. आपल्या धंद्यात एवढं चालतं की.”

चालतं खरं. मीच इतकी वर्षं चालवलं होतं. लोकांच्या चित्रांत मी बिनदिक्कत खिडक्या बसवल्या, झाडं लावली, माणसं उभी केली आणि त्याला खोली म्हटलं. खोतांना सांगितलं, दोन दिवस द्या.

त्या दोन दिवसांत मी फार विचार केला असं म्हणणार नाही, पण झोप नीट लागली नाही. आईच्या मुलाची शेवटची खूण एकदा नदीने नेली, आता दुसऱ्यांदा मी घेऊन जाणार होते. मला तो अधिकार होता का? नव्हता. ठेवण्याचाही नव्हता. शेवटी मी आबांचा नेम धरला. करडं होतं ते सगळं काढून टाकलं. मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवलं, बाकीचं अंग काळोखात विरू दिलं आणि उजेडात ठेवला फक्त हिरवा सदरा आणि पांढऱ्या कॉलरची कड. मान कितीही वळवा, चेहरा येत नाही. आधीचा चेहरा मशीनमधूनही पुसला, म्हणजे माझाच धीर सुटायला नको. मग नवी प्रत काढली, आणि ओट्यावरची जुनी उचलून तिथे ही ठेवली. ते चोरासारखं केलं हे कबूल. समोरासमोर करायची माझी छाती झाली नाही.

आई भाजी घेऊन आली. पिशवी ठेवली. हात धुतले. मग ओट्याकडे गेली.

तिने प्रत हातात घेतली आणि डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. तिरकी धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मी दारात उभी होते, हे तिला ठाऊक होतं. पुन्हा पुन्हा मान वाकडी करून ती त्या मुलाच्या पुढच्या बाजूला जायला बघत होती. मला रडू आलं. वाटलं, धावत जाऊन सांगावं, थांब, परत आणते. पण परत आणायला काही शिल्लकच नव्हतं.

मग तिची मान थांबली.

“ही खिडकी,” ती म्हणाली.

“हो, ती पक्की आहे. उजेड तिचाच—”

“गज मोज.”

मी जवळ गेले. तीन बारीक गज आणि त्यात दुसऱ्या जागी एक जाडजूड पट्टी. उलगड्याने ती लाकडाची दाखवली होती. मला तो अंदाज वाटला होता, पण नकाशात ती रंगीत होती.

“हिथला गज मोडल्याला. घरमालकाचं मांजर आत यायचं, म्हणून ह्यांनी फळी ठोकली. मीच धरून उभा व्हतो.” आई प्रतीकडे बघतच बोलत होती. “ही गंगावेशीतली खोली हाय, उलके.”

“असेल. तुम्ही राहत होता ना तिथे?”

“कवा राहत व्हतो?”

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मी त्याच खोलीत जन्मले, पण वर्षाची व्हायच्या आत आम्ही राजारामपुरीत आलो, मला त्यातलं काय आठवणार?

“गुंड्या मंगळवार पेठेत गेला,” आई सावकाश म्हणाली. “त्या घरात मला ऱ्हाववंना, म्हणून आठ-पंधरा दिवसांत आम्ही गंगावेशीत आलो. ह्या खोलीत गुंड्यानं कधी पाऊल ठेवलं न्हाई.”

मी खुर्चीवर बसले. उलगड्याची चूक मला आता दिसली, आणि तिच्यात त्याचा काही दोष नव्हता. चित्रकार समोर दिसतं तेच काढतो, असं तो धरून चालतो. हिरवा ठिपका आहे, म्हणजे हिरवा सदरा घातलेलं कोणीतरी तिथे होतं. पण तिथे कोणी नव्हतं. त्या वर्षी आबांनी मुखपृष्ठ उशिरा केलं होतं, मूल गेल्यानंतर, नव्या घरात. तांब्यासमोर रिकामी खोली होती. आबांनी तांब्यात खिडकी काढली, फळी काढली, भिंत काढली, आणि जन्मभराचा नेम मोडून खिडकीखाली जे दिसत नव्हतं ते काढलं.

“काढला व्हता की ह्यांनी,” आई म्हणाली. मग तिला राग आला, जिवंत माणसावर यावा तसा. “मग तोंडानं सांगाय काय झालं व्हतं? मी मेली एवढी वर्षं टोचून बोलतोय, बोलतोय, आणि ह्यो माणूस ऐकून घेतोय नुसता!”

ती रडली. मीही रडले. खोतांचा फोन वाजला तो वाजू दिला.

थोड्या वेळाने आईने डोळे पुसले आणि मांडणीवरचा तांब्या काढला. तोच तांब्या, चित्रातला. आमच्याकडे अजून पाणी त्यातूनच पितात. तिने तो ओट्यावर ठेवला, पदराने घासून लख्ख केला आणि मला म्हणाली, “जा, दारात जाऊन उभी ऱ्हा.”

मी जाऊन उभी राहिले. ती ओट्यावर कोपरं टेकून तांब्यात बघू लागली.

“दिसलीस. निळा ठिपका हाय नुसता.” माझा कुडता निळा होता. “जरा हास बघू.”

मी हसले.

“हासलीस काय?”

“हो.”

“कळंना.” तिने तांब्या किंचित फिरवला, डोळे बारीक केले, आणखी जवळून बघितलं. मग तांब्यावर हात ठेवून ती माझ्याकडे वळली.

“तोंडच दिसंना, तर भुवईतली खोक कुठनं दिसणार?” ती म्हणाली. “मग ह्यांनी तरी कशी काढावी?”